सुलटा ग्लास

मुलीने ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि परत टेबलावर ठेवला. एवढंच झालं. तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी बर्फाचा ट्रे पिळत उभा होता आणि दाराच्या अर्ध्या काचेतून त्याला ते दिसलं. दिसलं हे तिला माहीत नव्हतं. तिने घोट घेतला असता तर त्याला काही वाटलं नसतं, उलट बरं वाटलं असतं, कारण एकदा चव तर बघ म्हणून तो किती दिवस तिच्या मागे लागला होता. तिने घोट घेतला नाही. मान किंचित डावीकडे कलती केली, डोळे अर्धवट मिटले, श्वास आत ओढला आणि ग्लास ठेवला. ठेवला तोसुद्धा कसा, तर ग्लासाच्या बुडाने टेबलावर जे ओलं वर्तुळ उमटवलं होतं बरोबर त्याच्यावर, केसाचाही फरक न करता. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची, हे काम त्याने छत्तीस वर्षं केलं होतं, तेव्हा हात किती नेमका चालला हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वस्तू इतकी जागच्या जागी ठेवणारा माणूस ती उचललीच नव्हती असं दाखवत असतो. ट्रेमधून बर्फाचे दोन तुकडे सुटले आणि ओट्यावरून घसरत सिंकमध्ये पडले.

ती आज नातीला घेऊन आली होती ती घर बघायला. बापाचं घर, जिथे ती स्वतः लहानाची मोठी झाली ते घर, ते काय बघायचं; पण पुढच्या महिन्यापासून तिला शनिवारचीही ड्यूटी लागणार होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी परगावी, आणि पाळणाघर शनिवारी बंद. फोनवर ती म्हणाली होती की शनिवारी ठमाबाईचं, म्हणजे नातीचं, काय करायचं ते बघतेय. बघतेय म्हणून ती क्षणभर थांबली, आणि तेवढ्या थांबण्यात यानं आपलं उरलेलं सगळं म्हातारपण बसवून टाकलं. आठ दिवस तो मनात मांडे खात होता. टेबलाच्या कोपऱ्यांना त्याने जुन्या टॉवेलच्या पट्ट्या बांधल्या, प्लगच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, औषधं वरच्या फळीवर नेली, आणि ती फळी आता आपल्यालाही पुरत नाही हे कळल्यावर एक स्टूल आणलं. नात अडीच वर्षांची. आल्याआल्या तिने पहिली टॉवेलची पट्टी सोडायला घेतली, घाम येईपर्यंत खटपट केली, ती सोडवून दाखवली आणि आता आतल्या खोलीत त्याच्या पलंगावर आडवीतिडवी झोपली होती. मुलीने सगळं बघितलं. खिडकीची कडी ओढून बघितली, गॅसचं बटण बघितलं, छान केलंय म्हणाली. मग साडेपाच वाजले आणि रोजच्यासारखी त्याने बाटली उघडली. मुद्दाम तिच्यासमोर उघडली, ग्लास तिरका धरून सावकाश ओतली, आणि बाटली अशी ठेवली की लेबल तिच्याकडे यावं. लेबलावरचं शून्य एवढं मोठं होतं की त्याच्या दुकानातल्या तक्त्यावर ते सगळ्यात वरच्या ओळीत शोभलं असतं.

दारू सोडून त्याला चार वर्षं झाली होती. दारू सुटली, पण संध्याकाळ सुटत नव्हती. सकाळ दुकानात जायची, दुपार पेंगण्यात जायची, पण साडेपाच-सहाची वेळ अशी अंगावर यायची की हातांना काहीतरी धरायला लागायचं. त्या वेळेला त्याने आधी चहा देऊन पाहिला, मग लिंबूसोडा, मग नुसतंच फिरायला नेऊन आणलं. वेळ काही ऐकेना. दर बुधवारी तो एका मंडळात जायचा, शाळेच्या रिकाम्या वर्गात, जिथे सोडलेली आणि सोडू पाहणारी मोठमोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. तिथला म्होरक्या एक निवृत्त पोस्टमन होता. यानं बिनदारूच्या बिअरचं नाव काढलं तेव्हा पोस्टमनने कपाळाला हात लावला. विहिरीत पडून वर आलेल्या माणसाने काठावर पाय सोडून बसायचं कशाला, असं तो म्हणाला. शिवाय ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार, हेही म्हणाला. लोकांचं काय घेऊन बसलात, असं याने त्याला ऐकवलं. मंडळातल्या एकदोघांना ती बाटली खरंच परत जुन्या वाटेला घेऊन गेली, हेही त्याने पाहिलं. त्याला नेलं नाही. पहिली बाटली उघडून तो तासभर कशाची तरी वाट पाहत बसला होता. डोक्यात काहीच हललं नाही. ते येणारच नाही अशी खात्री पटली तेव्हा कुठे त्याचं जिभेकडे लक्ष गेलं. पावाची करपलेली कड चावल्यावर येते तशी चव, मग जिभेच्या मुळाशी कडू, आणि कडू गेल्यावर मागे राहणारं काहीतरी गोडसर, ज्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. दारूला चव असते हे त्याला दारू सुटल्यावर कळलं. त्याआधी सत्तावीस वर्षं तो नुसता गिळत होता.

मग तो नादावलाच. संत्र्याच्या साली खिडकीत वाळवायच्या, आलं आणि मिऱ्यांबरोबर उकळायच्या, गार करून सोड्यात घालायच्या. काळ्या द्राक्षांच्या रसात चमचाभर व्हिनेगर टाकलं की रस शहाणा होतो, मोठ्या माणसाचं पेय होतो, हा शोध त्याचा स्वतःचा. दालचिनी फार घातली की सगळं औषधासारखं लागतं हाही त्याचाच. खिडकीत सात-आठ बाटल्या ओळीने उभ्या असायच्या आणि त्यांतून संध्याकाळचं ऊन आत यायचं. त्याला ते आवडायचं. आवडतं म्हणण्याजोगं त्याच्या आयुष्यात पूर्वी काही नव्हतं. जे होतं त्याला तलफ म्हणत. तास-तासभर तो एक ग्लास पुरवायचा आणि फेस बसताना बघत राहायचा. आणि नेमक्या त्या सुखाच्या वेळी त्याला बायको आठवायची. सोडतो सोडतो म्हणत त्याने दारू सोडली ती बायको गेल्यावर नऊ महिन्यांनी. वरातीमागून घोडं. साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली, आणि त्याआधीची सगळी वर्षं संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत आणि ती स्वयंपाकघरात, मध्ये हे अर्ध्या काचेचं दार. आता टेबलावर अशी चीज होती जी दोन ग्लासांत ओतता आली असती. तिला तर हे फारच आवडलं असतं. तिला वास येत नसे. लहानपणच्या कसल्याशा आजारात नाक कायमचं गेलं होतं, त्यामुळे अर्ध्या चवी तिच्यापर्यंत पोचतच नसत; पोचायचं ते आंबट, कडू आणि जिभेला चावणारं. लिंबाच्या फोडी ती मिठाशिवाय चोखायची. आलं, मिरी, व्हिनेगर, सोड्याचा डंख, हे जे तो चार वर्षं वेड्यासारखं करत बसला होता ते सगळं तिच्याच जिभेच्या मापाचं होतं. हे लक्षात आलं त्या संध्याकाळी तो ग्लास तसाच ठेवून पायात चपला घालून रस्त्यावर गेला होता आणि खूप वेळ चालत राहिला होता.

तर मुलीने ग्लास हुंगला. आधी त्याला राग आला. चार वर्षं कानाला खडा लावून राहिलेल्या माणसाचा हा मान, असं वाटलं. दिवसभर लोकांचं रक्त नळीत घालून बघणारी ही पोरगी, हिला बापाचाही नमुना हवा. मग त्याने स्वतःची समजूत घातली की दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि तिचं तोंड कुणी पोळलं हे विचारायला लांब जायला नको. सिंकमधले बर्फाचे तुकडे त्याने धुऊन तिच्या ग्लासात टाकले, द्राक्षांचा रस ओतला, चमचा शोधला. चमचा हातात होता. आणि त्याला ती मान दिसू लागली. डावीकडे कलती, डोळे अर्धवट मिटलेले. ती त्याने आज पहिल्यांदा पाहिली नव्हती. ती त्याच्या चांगली ओळखीची होती, फक्त ती इतक्या उंचावर नसायची, त्याच्या कमरेच्या वर कुठेतरी असायची.

तो दुकानातून आला की ती पाणी घेऊन यायची. सहा-सात वर्षांची असल्यापासून. चपला काढून तो खुर्चीत बसतो न बसतो तोच स्टीलचा ग्लास दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून ती यायची. त्याच्या सगळ्या वाया गेलेल्या काळातली ही एवढीच गोष्ट त्याने नीट घडी घालून ठेवली होती. मंडळात पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा त्याने हेच सांगितलं होतं: की मी कसाही आलो तरी माझी पोरगी पाणी घेऊन धावत यायची, आणि त्या पाण्यासाठी मी जगलो. पोस्टमनने चष्मा काढून डोळे पुसले होते. पाणी देऊन ती लगेच जायची नाही. तो पिईपर्यंत खुर्चीला खेटून उभी राहायची, आणि ग्लास रिकामा झाला की विचारायची, आज काय झालं दुकानात? मग तो सांगायचा. एका म्हातारीने चष्म्याचा नंबर काढताना शेवटची ओळ धडाधडा म्हणून दाखवली, कारण बाहेर बाकावर बसल्याबसल्या तिने ती आधीच्या गिऱ्हाईकाकडून पाठ केली होती. एकजण चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा हरवल्याची तक्रार करायला आला. ती हसायची. तोंड त्याच्या तोंडाजवळ आणून, मान कलती करून, डोळे अर्धवट मिटून ऐकायची. किती मन लावून ऐकते, असं तो म्हणायचा. मग ती ग्लास घेऊन आत जायची.

चमचा त्याने ओट्यावर ठेवला. ऐकणारं माणूस डोळे कशाला मिटेल? बायकोला वास येत नसे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. त्याने त्याचा फायदा किती घेतला होता. त्याचे दोन प्रकारचे दिवस असायचे. मोठे दिवस, जे कुणापासून लपणं शक्यच नव्हतं, पाय आणि जीभ दोन्ही चुगली करायची. आणि छोटे दिवस, दुपारी दोन, निघताना एक, हात थरथरू नयेत म्हणून आणि भिंग फुटू नये म्हणून. छोट्या दिवशी तो पेपरमिंट चघळत सरळ चालत घरी यायचा आणि मनात म्हणायचा की आज कुणाला पत्ता नाही. घरात नाक एकच होतं, आणि ते पोरीचं होतं. दूध उतू गेलं, इस्त्रीखाली कापड करपलं, की बायको शिलाई मशीनवरून हाक मारायची, बघ गं, वास येतोय का काही? ती कपडे दुरुस्त करायची, उसवलेलं शिवणं, सैल आत घेणं; तिला मान वर करायला फुरसत नसे. पोरगी धावत जाऊन हुंगून यायची. गॅस हुंगायची, दूध हुंगायची. मग बाप का नाही?

तो ग्लास घेऊन बाहेर आला आणि तिच्यासमोर बसला. ती रस प्यायली, भुवया वर करून चांगला झालाय म्हणाली, काय घातलंत विचारलं, आणि त्याने व्हिनेगर म्हणून सांगितलं. त्याचा स्वतःचा ग्लास मधोमध तसाच होता, फेस निम्मा बसलेला. ती पाळणाघराबद्दल बोलत राहिली, नात कुणाचं ऐकत नाही, मोजे घालू देत नाही. तो मान हलवत होता आणि तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. बोलताना ती मनगटातून हात फिरवायची. तिच्या आईचं मनगट फिरत नसे. म्हणजे आधी फिरायचं. मुलगी नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी तो बायकोला मागे बसवून स्कूटरवर निघाला होता, शिलाई मशीनचा दुरुस्त झालेला भाग आणायला. मुलीला शेजारी ठेवलं होतं. तो छोटा दिवस होता. लाँड्रीच्या वळणावर स्कूटर आडवी झाली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. बायकोचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं, आणि सांधलं ते असं की किल्लीसुद्धा डाव्या हाताने फिरवावी लागे. मशीन झाकलं गेलं ते कायमचं. रस्त्यावर खडी होती. खरंच होती, थोडी. तो सगळ्यांना खडी म्हणाला, आणि त्याच्याही आधी बायकोच म्हणाली. दवाखान्यात, नातेवाइकांत, पुढे वीस-एकवीस वर्षं, कुणीही विषय काढला की ती म्हणायची, खडी होती हो, यांची काय चूक. इतर बाबतीत ती त्याला सोडत नसे; मोठ्या दिवसांनंतर ती अशी बोलायची की ऐकवत नसे. पण स्कूटरवरून एक शब्द नाही. तो समजून होता की तिला ठाऊक आहे आणि तिने ते पोटात घातलं आहे. माणूस एवढं मोठं असू शकतं, हे त्याला तिच्याकडे बघून कळलं होतं, आणि चार वर्षांपूर्वी तो सावरला तो याच एका गोष्टीला धरून.

आणि आता त्याला ती गोष्टही हातात धरवेना. नातीच्या मोज्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडून त्याने विचारलं, "मी दुकानातून आलो की तू पाणी आणायचीस. का गं?"

कुठलं पाणी, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण म्हणाली नाही. तिने काचेच्या दाराकडे बघितलं, मग त्याच्या ग्लासाकडे, आणि तिला कळलं.

"बघितलंत तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"आई पाठवायची." तिचा आवाज लॅबमध्ये रिपोर्ट सांगताना असेल तसा सरळ होता. "तिला कळायचं नाही ना. मला सांगायची, पाणी दे, जवळ उभी राहा, त्यांना बोलतं कर. मग तुमच्यासमोर विचारायला नको म्हणून तिने ठरवलं होतं. वास आला तर ग्लास ओट्यावर पालथा ठेवायचा. नाही आला तर सुलटा."

रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. तो ओट्यावरचा ग्लास आठवायचा प्रयत्न करत होता. हजारदा तरी त्याने तो ओलांडून माठातलं पाणी घेतलं असेल.

"मी कधीच पालथा ठेवला नाही, बाबा," ती म्हणाली. "एकदाही नाही. पालथा ठेवला की तुमची भांडणं होणार. मी सुलटा ठेवायचे आणि अभ्यासाला बसायचे."

त्याला वाटलं आता पुढचं विचारू नये. चष्म्याचा नंबर काढताना काही माणसं मुद्दाम डोळा बारीक करतात, दिसत नाही म्हटलं तर नंबर वाढेल म्हणून. तसं त्याने आयुष्यभर केलं होतं. त्याने विचारलं, "स्कूटरच्या दिवशी?"

"त्या दिवशीही सुलटाच." ती ग्लासातला बर्फ बोटाने फिरवत होती. "आईने त्या दिवशी तोंडानेसुद्धा विचारलं. मशीनचं आणायला यांच्या मागे बसून जाऊ का, म्हणाली. मी म्हटलं, जा."

म्हणजे बायकोने क्षमा केलीच नव्हती. क्षमा करण्यासारखं काही घडलं आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. ओट्यावर सुलटा ग्लास बघून, पोरीला विचारून, खात्री करून ती त्याच्या मागे बसली होती, आणि मरेपर्यंत तिच्या लेखी तिथे खडी होती. मोठं मन वगैरे काही नाही. साधा विश्वास, तोही त्याच्यावर नाही, पोरीच्या नाकावर. तो एकट्याने जे ओझं वाहतोय असं समजत होता ते या घरात अजून एकजण वाहत होतं, नऊ वर्षांचं, शेजारच्यांच्या घरी वाट बघत बसलेलं, आणि आई हाताला प्लास्टर घालून परत आली तेव्हाही गप्प राहिलेलं. त्याला धड रडायलाही येईना. समोर ग्लास तसाच भरलेला होता.

"खडी होती," तो सवयीने म्हणाला. मग म्हणाला, "मी प्यायलो होतो."

हे वाक्य त्याने मंडळातही कधी म्हटलं नव्हतं. तिथे तो सगळं सांगायचा आणि स्कूटर सोडून द्यायचा. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मला एकटीलाच माहीत होतं."

तू नऊ वर्षांची होतीस, असं तो काहीतरी बोलू लागला. तुझा काय दोष, चूक सगळी माझी, मी तुला हे आधीच... पण शब्द एकमेकांत अडकले आणि तिने हाताने त्याला थांबवलं, रागाने नव्हे. ती म्हणाली की हे तिने स्वतःला हजारदा सांगून झालं आहे, आणि ते तिला पटतंही; पटून उपयोग होत नाही एवढंच. मग तिने त्याचा ग्लास थोडा त्याच्याकडे सरकवला, प्या ना, उतरून जाईल म्हणाली. तो प्यायला नाही.

"यात काही नाही," तो म्हणाला. "तू लॅबमध्ये नेऊन बघ. शून्य आहे."

"मला माहीत आहे शून्य आहे ते. मी चार वर्षांत तुमच्यावर एकदाही संशय घेतला नाही, खरंच." तिने त्याच्या ग्लासाकडे बघितलं. "पण वास तोच आहे, बाबा."

हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चार वर्षं तो चव, कडूपणा, फेस यांच्या मागे होता. लेबलावरच्या शून्याकडे बोट दाखवत होता. त्या शून्याच्या भोवती जो वास होता तो त्याला सुखाचा झाला होता. ती मात्र दर वेळी दार उघडून आत येताना काय हुंगत असेल? म्हणजे ती तासाभरात उठायची, कधी जेवायला थांबायची नाही, त्याला कारण नवऱ्याचा फोन नव्हता आणि नातीची झोपही नव्हती. तो घाईघाईने म्हणाला की तो हेही सोडेल, त्यात काय, दारू सोडली तिथे हे किस झाड की पत्ती, उद्यापासून घरात बाटली दिसणार नाही. ती नाही म्हणाली. तुम्हाला आवडतं ते, नका सोडू, म्हणाली. आवडीने काहीतरी करताना मी तुम्हाला पहिल्यांदाच बघतेय. त्याला कळत होतं की ती अजून मुख्य गोष्टीवर यायची आहे, आणि तो टेबलाच्या कोपऱ्यावरची नातीने सोडलेली टॉवेलची पट्टी परत गुंडाळू लागला.

"ठमीला मी शनिवारी इथे नाही ठेवणार," ती म्हणाली.

त्याने पट्टी गुंडाळायची थांबवली नाही. ती पुढे म्हणाली की त्याने काही वाईट केलंय म्हणून नव्हे. घर छान आहे, तो नीट सांभाळेल हेही तिला दिसतंय. पण ती तिकडे लॅबमध्ये मशीनसमोर उभी असताना दिवसभर तिचं नाक इथे असेल, आणि संध्याकाळी न्यायला आली की आधी ती पोरीला जवळ घेणार नाही, आधी त्याच्याजवळ जाईल. आणि पोरगी ते बघून शिकेल. "मला तिला हे शिकवायचं नाही. लॅबमधल्या एकीची बहीण मुलं सांभाळते, तिच्याकडे ठेवेन. अजून काही दिवसांनी जमेल का, मला माहीत नाही. जमेल असं आत्ता नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणणार."

हे सगळं ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. आजवर तिने त्याला कशालाही नाही म्हटल्याचं त्याला आठवेना. लग्न ठरवलं तेव्हा, नोकरी बदलली तेव्हा, आई गेल्यावर, ती कायम बरं म्हणायची, चालेल म्हणायची, छान आहे म्हणायची, आणि डोळे खाली. मघाशी प्लग बघतानासुद्धा ती छान केलंय म्हणाली होती. तिची पस्तीस वर्षं झाली, आणि बापाला बरं वाटेल ते न सांगता खरं सांगण्याची तिची ही पहिली वेळ होती, हे त्याला आतून लख्ख कळलं. ती आता त्याला घाबरत नव्हती. यासाठीच तर सगळं सोडलं होतं म्हणायचं. फक्त ते असं मिळेल, आणि त्याच्या बदल्यात सगळे शनिवार जातील, हे त्याने धरलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. आठ दिवसांत त्याने नातीला शिकवायची तीन गाणीसुद्धा आठवून ठेवली होती.

"बरं," तो म्हणाला. एवढंच. मनवायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण ते त्याने काढलं नाही, कारण तो जरा जरी रेटला तर ती कदाचित चालेल म्हणेल, आणि ते त्याला नको होतं.

तेवढ्यात आतून नात रडली. अनोळखी पलंगावर जाग आली की मुलं रडतात तसं, आधी बारीक, मग गळा काढून. तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धा उठलाही होता. आठ दिवस त्याने मनात हेच करून पाहिलं होतं, की ती उठली की आपण आधी पोचायचं, दिवा लावायचा नाही, हळूच नुसतं बोलायचं. मग त्याने मुलीकडे पाहिलं आणि तो परत खाली बसला.

"जा, उठली ती," तो म्हणाला.

ती आत गेली. रडणं थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही.